रोबोटच्या आधी पॅनेलचं दार उघडा : नाशिकच्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे आणि दिंडोरी भागातल्या लहान-मध्यम कारखान्यांचे मालक, भागीदार आणि प्लांट मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या टेबलावर येणाऱ्या कोटेशनांची भाषा हल्ली बदलली आहे. पूर्वी पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन), व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) अशी सरळ यादी असायची. आता वर ‘स्मार्ट फॅक्टरी’, मध्ये ‘एआय’ आणि ‘डिजिटल ट्विन’ (मशीनची कॉम्प्युटरमधली प्रतिकृती), खाली १८ टक्के जीएसटी. आम्ही याच वसाहतींमधली पॅनेलं, म्हणजे मशीनची वीज आणि कंट्रोल सांभाळणारी कपाटं, बांधणारी, प्रोग्राम लिहिणारी आणि रात्री-बेरात्री लाइन बंद पडली की धावणारी माणसं. नव्या तंत्राला आमचा विरोध नाही, आमची भाकरीच त्यावर आहे. मागणं एवढंच आहे की नवं जरूर घ्या, पण क्रम चुकवू नका. कॅमेरा, रोबोट आणि एआय ज्या २४ व्होल्टवर, ज्या केबलवर आणि ज्या आकड्यांवर उभे राहणार, ते आधी तपासा.

पॅनेलच्या दारात खाली फिल्टर असतो, वर एक्झॉस्ट फॅन. सीएनसीच्या (प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या मशीनच्या) शेजारच्या पॅनेलच्या फिल्टरवर कूलंटची वाफ आणि धूळ मिळून दोन महिन्यांत काळा चिकट थर बसतो. मग कोणीतरी दार उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावतं, आणि तो बारीक लोखंडी चुरा थेट ड्राइव्हच्या कार्डांवर जातो. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो तेव्हा कोंडलेल्या पॅनेलमध्ये, ड्राइव्हच्या वरच्या अंगाला, ५५ अंश सहज होतात. बऱ्याच पीएलसींची मर्यादाच ५५ ते ६० अंशांची असते. तरी पीएलसी तग धरतो, पहिला जातो तो २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मं होतं. कपॅसिटर सुकला तरी मीटरवर २४ व्होल्ट बरोबरच दिसतात, पण डीसीवर एसीची लहर चढलेली असते. मग चांगला सेन्सर मध्येच सिग्नल सोडतो, दोष सेन्सरवर येतो, तिसरा सेन्सर बदलला जातो आणि खरा गुन्हेगार, म्हणजे सप्लाय, डिन रेलवर (पॅनेलमधल्या पट्टीवर) तसाच बसून राहतो. लोड चालू असताना मल्टिमीटर एसीच्या मिलिव्होल्टवर ठेवून त्याच दोन टोकांवर मोजा. आकडा शेकड्यांत गेला असेल तर सप्लाय बदला. काम दहा मिनिटांचं आहे.

पॅनेलला थंड हवेचा एसी लावला असेल तर तो २२ अंशांवर ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दार उघडलं की बाहेरची ओली हवा थंड कार्डांवर दव होऊन बसते. ३५ अंश पुरेत.

आता पॅनेलच्या आतलं सगळ्यात महागडं पण फुकट जपता येणारं सामान, म्हणजे प्रोग्राम. जुन्या अनेक पीएलसींमध्ये तो बॅटरीवर टिकलेल्या रॅममध्ये असतो. बॅटरीचा लाल दिवा सहा महिने लागलेला असतो, पण मशीन चालू असतं म्हणून त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. दिवाळीला मेन स्विच आठ दिवस बंद राहतो आणि पूजा करून चालू केलं की मशीन मख्ख उभं. प्रोग्राम कोणाकडे आहे? ज्या माणसाने दहा वर्षांपूर्वी लिहिला त्याच्या त्या वेळच्या लॅपटॉपमध्ये. एचएमआयचं स्क्रीन, ड्राइव्हचे पॅरामीटर, सर्व्होची (अचूक हालचालीच्या मोटरची) गेन, सीएनसीचे पॅरामीटर आणि पीएमसी लॅडर (सीएनसीच्या आतल्या पीएलसीचा प्रोग्राम), व्हिजन कॅमेऱ्याची रेसिपी हे सगळं वेगवेगळं असतं आणि प्रत्येकाचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. तीन प्रती ठेवा: एक कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर, एक कुलपातल्या हार्ड डिस्कवर, एक कारखान्याबाहेर. फाइलच्या नावात मशीन क्रमांक आणि तारीख हवी. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’ अशी नावं पाहिली की आमच्या पोटात गोळा येतो.

इथेच एक कडू गोष्ट बोलून टाकतो. आमच्याच धंद्यातले काही जण पीएलसीला पासवर्ड टाकून जातात आणि मूळ प्रोग्राम देत नाहीत. गिऱ्हाइकाने पुन्हा आपल्याकडेच यावं हा त्यामागचा हिशेब. मशीन तुमचं, पैसे तुमचे, आणि एक टायमर बदलायला तिसऱ्याची परवानगी! हे भांडण मशीन बसल्यावर सुटत नाही, ते पर्चेस ऑर्डरमध्येच सोडवावं लागतं. तिथे लिहा: कमेंटसह मूळ प्रोग्राम, पासवर्ड आणि सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, जसं बसवलं तसं वायरिंग ड्रॉइंग, इनपुट-आउटपुटची आणि टॅगची (पीएलसीतल्या प्रत्येक आकड्याला दिलेल्या नावाची) यादी, रजिस्टर नंबरांसह, नेटवर्कवरच्या प्रत्येक वस्तूचा आयपी पत्ता, आणि कोणता डेटा कोणत्या प्रोटोकॉलने, वेगळी फी न घेता बाहेर काढता येईल ते. शेवटचे १० टक्के पैसे हे सगळं हातात आल्यावर आणि तुमच्या माणसाने तो प्रोग्राम एकदा स्वतः उतरवून, पुन्हा चढवून पाहिल्यावरच द्या. टॅगची यादी नसेल तर उद्या कोणतीही एआय कंपनी आली तरी ती पहिले दोन महिने ‘डी १०२४’ हे रजिस्टर म्हणजे काय हे शोधण्यात घालवणार, आणि त्याचं बिल तुम्हालाच येणार.

यानंतर डेटा. ‘मशीन किती वेळ चालतं’ या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ऑपरेटरने शिफ्ट संपताना लिहिलेला कागद हेच उत्तर असतं. यासाठी लाखोंचं सॉफ्टवेअर घ्यायची गरज पहिल्या दिवशी नाही. मशीनवरच्या टॉवर लॅम्पचे लाल, पिवळा, हिरवा हे तीन सिग्नल इंटरफेस रिलेमधून किंवा ऑप्टोकपलरमधून घ्या (दोन्ही सिग्नल पुढे देतात, पण सर्किटं वेगळी ठेवतात). थेट तार ओढून दोन वेगळ्या सप्लायचे मायनस एकत्र करू नका, नाहीतर एका मशीनचा दोष दुसऱ्यात शिरतो. स्पिंडल मोटरच्या एका फेजवर उघडता येणारा सीटी (करंट मोजणारं कडं) लावा, म्हणजे मशीन नुसतं चालू आहे की खरंच धातू कापतंय हे करंटवरून कळतं. सीटी ५ अँपिअरवाला असेल तर मेन चालू असताना त्याची सेकंडरी (मीटरकडे जाणारी टोकं) कधीही उघडी ठेवू नका. तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. तुकडे मोजायला हिरवा दिवा वापरू नका. ड्राय रन, वॉर्म-अप, सेटरची ट्रायल हे सगळं त्यात मोजलं जातं. मोजणी चकच्या (जॉब धरणाऱ्या जबड्याच्या) क्लॅम्प सिग्नलवर किंवा प्रोग्रामच्या शेवटच्या एम-कोडवर (हुकमावर) घ्या. फानुक कंपनीच्या इथरनेट असलेल्या सीएनसी कंट्रोलरमधून ‘फोकास’ने (फानुकच्याच डेटा वाचायच्या सोयीने), ८१९३ पोर्टवरून, अलार्म, फीड, ओव्हरराइड, तुकड्यांचा काउंटर सगळं वाचता येतं, त्याला वायरिंगही लागत नाही.

ओईईचा (उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांच्या गुणाकाराचा) हिशेब एकदा हाताने करून बघा, म्हणजे डॅशबोर्ड कुठे फसवतो ते कळेल. शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवण-चहाची ३० वजा, उरली ४५०. त्यात ७५ मिनिटं मशीन थांबलं, म्हणजे चाललं ३७५, उपलब्धता ८३.३ टक्के. ४५ सेकंदांच्या सायकलने ३७५ मिनिटांत ५०० जॉब (तुकडे) व्हायला हवेत, झाले ४३०. वेग ८६ टक्के. त्यातले ४१७ पास; गुणवत्ता ९७ टक्के. तिघांचा गुणाकार ६९.५ टक्के. आता हीच सायकल कोणी ४५ऐवजी ५२ सेकंद भरून ठेवली तर आदर्श जॉब होतात ४३२, वेग ९९.५ टक्के दिसतो आणि ओईई ८० टक्क्यांवर जातो. मशीन तेच, जॉब तेवढेच. म्हणून सायकल टाइम कोण बदलू शकतं आणि कोणी बदलला याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घ्या. थांबण्याची कारणंही सहा-सातच द्या. २५ कारणांची यादी दिली की ऑपरेटर सगळ्यात वरचं बटण दाबतो, आणि महिनाअखेरीला अहवाल सांगतो की कारखान्यात सर्वांत मोठी अडचण ‘टूल बदल’ आहे.

नव्या वायरिंगचा विषय निघालाच आहे तर आयओ-लिंककडे (सेन्सरला सविस्तर बोलू देणाऱ्या जोडणीकडे) जरूर पाहा. साध्या तीन वायरच्या केबलवर, २० मीटरपर्यंत, सेन्सर फक्त हो-नाही सांगत नाही, तर ‘माझी काच मळली आहे’ हेही सांगतो. रात्रपाळीत सेन्सर तुटला तर त्याच मॉडेलचा नवा लावला की मास्टर (सेन्सर ज्याला जोडलेले असतात तो डबा) जुनं सेटिंग आपोआप त्यात भरतो. टीच-इनचं (सेन्सरला शिकवायचं) बटण किती वेळ दाबायचं हे आठवत बसावं लागत नाही. ॲनालॉगमध्ये (कमी-जास्त होणाऱ्या सिग्नलमध्ये) मात्र ४ ते २० मिलिअँपिअरच बरं. ०-१० व्होल्टमध्ये वायर तुटली तरी शून्य आणि खरं मोजमाप शून्य असलं तरी शून्यच. ४ मिलिअँपिअरच्या शून्यात वायर तुटली की आकडा ३.६च्या खाली जातो आणि ओरडता येतं. फक्त प्रोग्राममध्ये ते ओरडणं लिहिलेलं हवं. बहुतेक ठिकाणी ते लिहिलेलं नसतं.

एनर्जी मीटरपासून सुरुवात करणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि तिथे मॉडबस आरटीयू (मीटरचे आकडे तारेवरून वाचायची भाषा) येतोच. मॉडबस १९७९चा आहे, पण अजून ठणठणीत आहे. बिघडते ती वायरिंग. त्याची आरएस-४८५ची केबल एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी न्यावी लागते. मधूनच फांद्या काढल्या की सिग्नल परत उलटतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर हवा, मधल्या मीटरांना नको. पॉवर केबलच्या ट्रेमधून नेऊ नका, आणि दोन मीटरांना एकच ॲड्रेस राहिला नाही ना ते बघा. हे सगळं बरोबर असूनही स्क्रीनवर २३० व्होल्टच्या जागी काहीतरी भलताच आकडा आला, तर मीटर खराब नाही. दशांश आकडा दोन रजिस्टरांत तुटून येतो आणि ती दोन्ही उलट क्रमाने वाचली गेली आहेत. सॉफ्टवेअरमध्ये वर्ड स्वॅप करा. आणि मॅन्युअलमधलं ४०००१ म्हणजे वायरवरचं शून्य, १ नाही. या एका आकड्याच्या फरकाने आजवर किती संध्याकाळी गेल्या त्याची गणती नाही.

मशीनवरून वर जाताना दोन नावं कानावर येतील. ओपीसी यूए हा मशीन-मशीनमधला, अर्थासकट बोलणारा प्रोटोकॉल: आकडा, त्याचं एकक, तो कधीचा, भरवशाचा आहे की नाही. एमक्यूटीटी हलका, १९९९मध्ये तेलाच्या पाइपलाइनीवरचा डेटा सॅटेलाइटने कमी खर्चात आणण्यासाठी तो बनवला गेला. बदल झाला तरच निरोप पाठवायला तो सोयीचा. दोघांत भांडण नाही. मशीनपाशी ओपीसी यूए, क्लाउडकडे एमक्यूटीटी असं सर्रास जमतं. एमक्यूटीटी इंटरनेटवरून नेताना १८८३ नव्हे, कूटबद्ध ८८८३ पोर्ट वापरा. विक्रेत्याला प्रश्न मात्र वेगळाच विचारा: सिंहस्थाच्या तोंडावर रस्ता खोदला गेला आणि आमची फायबर दोन दिवस तुटली, तर डेटाचं काय होईल? ‘गेटवेमध्ये (मशीन आणि इंटरनेटमधल्या डब्यात) साठेल आणि जुन्या वेळेच्या शिक्क्यासह नंतर जाईल’ हे उत्तर हवं. ‘तसं होत नाही हो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. आणि क्लाउड बंद पडल्यावर मशीन थांबत असेल तर तो प्रस्ताव मुळातच चुकीचा आहे.

आता ज्यांना ‘एआय’ म्हणतात त्या गोष्टींकडे येऊ. मोटर-बेअरिंगचा बिघाड आधी सांगणारी यंत्रणा खरंच काम करते, पण ती जादू नाही. १५ ते ७५ किलोवॅटच्या मशीनसाठी आयएसओ १०८१६ या कंपनाच्या मानकाचा जुना तक्ता आजही उपयोगाचा आहे: कंपनाचा वेग सेकंदाला २.८ मिलिमीटरपर्यंत चालेल, त्यावर ७.१पर्यंत फार दिवस चालवू नये, त्यापुढे बंद. पण हा एकूण आकडा वाढेपर्यंत बेअरिंग बरंच खाल्लेलं असतं. आधी कळायला वारंवारता पाहावी लागते. उदाहरणार्थ ६२०५ बेअरिंग, ९ गोळ्या. बाहेरच्या रिंगवर खड्डा पडला तर शाफ्टच्या एका फेऱ्यात सरासरी ३.५८ ठोके बसतात, आतल्या रिंगवर पडला तर ५.४२. मोटर १४४० आरपीएम, म्हणजे सेकंदाला २४ फेरे; म्हणजे ८६ आणि १३० हर्ट्झच्या आसपास आलेखात सुळका दिसायला हवा. जो सेन्सर तासातून एकदा फक्त सरासरी कंपन आणि तापमान पाठवतो त्याला हा सुळका दिसूच शकत नाही, मग त्याच्या डब्यावर कितीही मोठ्या अक्षरांत एआय लिहिलेलं असो. तापमान तर सर्वांत शेवटी वाढतं. मोटर व्हीएफडीवर असेल तर आरपीएम बदलला की सुळक्याची जागाही बदलते, म्हणून कंपनाबरोबर त्या क्षणाचा आरपीएमही साठवला पाहिजे. सुरुवात सगळ्या मोटरांपासून करू नका. ज्या तीन-चार मोटरा थांबल्या की अख्खी लाइन थांबते तेवढ्यांवरच सेन्सर लावा, आणि बदललेलं प्रत्येक बेअरिंग कापून बघा. अंदाज बरोबर होता का हे ते बेअरिंगच सांगेल.

कॅमेऱ्याने तपासणी हा नाशिकसाठी सर्वांत मोठा विषय ठरेल असं आम्हाला वाटतं, कारण इथे वाहनांचे सुटे भाग आणि स्विचगिअरचे पितळी-तांब्याचे चकचकीत तुकडे लाखोंनी बनतात. निम्मी कामं फसतात ती सॉफ्टवेअरमुळे नाही, उजेडामुळे. गणित आधी करा. दिसायला हवा असा ओरखडा ०.१ मिलिमीटर, चित्राची रुंदी १०० मिलिमीटर. ओरखड्यावर किमान ३ पिक्सेल पडायला हवेत, म्हणजे रुंदीत ३००० पिक्सेल. ५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साधारण २४५० असतात, पुरत नाहीत. एकतर मोठा कॅमेरा घ्या किंवा चित्र लहान करा. मग वेग. कन्व्हेअर मिनिटाला १२ मीटर, म्हणजे सेकंदाला २०० मिलिमीटर. शटर १ मिलिसेकंद उघडं राहिलं तर चित्र ०.२ मिलिमीटर घसरतं, ओरखड्याच्या दुप्पट. ते ०.०३वर आणायचं तर शटर ०.१५ मिलिसेकंद हवं, आणि एवढ्या कमी वेळात चित्र उजळायला जोरदार स्ट्रोब लाइट (क्षणभर लखलखणारा) लागतो. ओरखड्याला तिरपा, खालून घासून जाणारा उजेड. माप घ्यायचं तर मागून उजेड. आणि शेडच्या छतातल्या पारदर्शक पत्र्यातून दुपारी उतरणारी उन्हाची तिरीप थेट जॉबवर येणार असेल तर कॅमेऱ्याभोवती काळं खोकं बांधा. सकाळी दहाला डेमो पास होतो आणि तीन वाजता सगळे जॉब रिजेक्ट होतात, त्यामागे बऱ्याचदा ही तिरीपच असते.

एआय शिकवायला खराब नमुने लागतात. चांगल्या कारखान्यात नेमके तेच कमी. म्हणून आजपासून रिजेक्ट जॉब भंगारात टाकण्याआधी दोषाच्या प्रकाराप्रमाणे वेगळ्या डब्यांत ठेवा, प्रत्येक प्रकारचे निदान काही दहा. आणि करारात दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या: खराब सुटण्याचं प्रमाण आणि चांगला उगाच रिजेक्ट होण्याचं प्रमाण. दिवसाला ६००० जॉब आणि २ टक्के चुकीचे रिजेक्ट, म्हणजे १२० चांगले जॉब रोज पुन्हा हाताने तपासायचे. मग तपासणीवरचा माणूस कमी झाला कुठे?

कोबॉटबद्दल (माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोटबद्दल) लोकांचा एक पक्का गैरसमज आहे की त्याला कुंपण लागत नाही. रोबोटचा हात माणसाला लागल्यावर थांबतो हे खरं. त्याच्या पंजात धरलेला, बर (धारदार कड) असलेला टर्निंगचा जॉब थांबत नाही, तो कापतो. धोका रोबोटचा नसून पूर्ण कामाचा मोजायचा असतो, ग्रिपर आणि जॉबसकट. ५ किलोचा कोबॉट म्हणजे ५ किलोचा जॉब असंही नाही. दीड किलोचा दुहेरी ग्रिपर वजा करा, आणि हात लांबवल्यावर क्षमता आणखी घटते. सीएनसी लोडिंगमध्ये खरा त्रास चिप्सचा. जॉब काढल्यावर चकच्या जबड्यात एक चिप राहिली की पुढचा जॉब तिरका बसतो आणि इन्सर्ट (कापणारा तुकडा) जातो. हवेचा झोत आणि जॉब टेकला का हे सांगणारा एअर-गॅप सेन्सर, या दोन गोष्टींचा खर्च कोटेशनमध्ये नसेल तर ते कोटेशन अपुरं समजा.

याहून महत्त्वाचं पॉवर प्रेसचं (डायने पत्रा दाबणाऱ्या-कापणाऱ्या मशीनचं). बोटं जातात ती तिथे. लाइट कर्टन (हात आडवा आला की प्रेस थांबवणारा किरणांचा पडदा) लावला की सुरक्षित, असं समजू नका. तो किती अंतरावर हवा याचं सूत्र आयएसओ १३८५५मध्ये आहे. १४ मिलिमीटरची वस्तूही ओळखणाऱ्या बारीक कर्टनसाठी: हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर गुणिले प्रेस थांबायला लागणारा एकूण वेळ, ज्यात कर्टन आणि रिलेचा वेळही आला. ०.१५ सेकंद असेल तर ३०० मिलिमीटर. ब्रेकचा लायनर झिजून तोच वेळ ०.२ झाला की अंतर ४०० हवं, आणि तुमचा कर्टन ३००वरच बोल्ट केलेला आहे. हात कर्टन ओलांडून डायपर्यंत पोचतो तरी प्रेस चालूच. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक मुदतीने मोजून वहीत लिहा. आणि जुन्या की-क्लचच्या प्रेसवर कर्टन निरुपयोगीच आहे. तो क्लच एकदा गुंतला की फेरा पूर्ण केल्याशिवाय सुटत नाही. तिथे बंद गार्ड किंवा प्रेसच बदलणं, तिसरा उपाय नाही. इमर्जन्सी स्टॉप पीएलसीच्या साध्या इनपुटवर घेऊन प्रोग्रामने मशीन थांबवणं हाही गुन्हाच समजा. सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसीच हवा, दोन चॅनेलांचा.

एआयकडून पीएलसीचा प्रोग्राम लिहून घेता येतो हे खरं आहे, आम्हीही घेतो. कमेंट लिहायला आणि जुनं लॅडर समजून घ्यायला ते उत्तम आहे. पण ते एकाच आउटपुटची कॉइल (ते चालू-बंद करणारी ओळ) दोन ठिकाणी लिहून मोकळं होतं. साध्या लॅडरमध्ये शेवटची ओळ जिंकते आणि वरची कंडिशन बरोबर असूनही हवेवर चालणारा सिलिंडर हलत नाही. वीज गेल्यावर लॅच (धरून ठेवलेला हुकूम) तसाच राहिला आणि लाइट आल्यावर सिलिंडर आपोआप पुढे गेला, ही चूक तर स्क्रीनवर दिसतही नाही. तसा प्रोग्राम सिम्युलेटरवर आधी, मग हवा बंद ठेवून, मग कमी प्रेशरवर चालवा. व्हर्च्युअल पीएलसी (कॉम्प्युटरवरच चालणारा पीएलसी) आणि डिजिटल ट्विन या गोष्टी मोठ्या वाहन कंपन्यांत आल्या आहेत. २० मशिनांच्या शॉपला त्यांची घाई नाही.

ड्राइव्ह आणि सर्व्हो वाढले की वीजबिलाशेजारी एक वेगळीच कटकट सुरू होते. सहा पल्सचा ड्राइव्ह २५० आणि ३५० हर्ट्झचा करंट मागे ढकलतो. पॉवर फॅक्टरसाठी लावलेले कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरशी मिळून नेमके त्याच सुरात वाजू लागले तर कपॅसिटर फुगतात, फ्यूज जातात, आणि शेजारच्या पॅनेलमधल्या कार्डांना वेड लागतं. उपाय ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिॲक्टर (कपॅसिटरला जोडायचं तारेचं वेटोळं). तो सूर १८९ हर्ट्झवर, म्हणजे धोक्याच्या खाली आणतो. पण रिॲक्टर लावला की ४१५ व्होल्टच्या लाइनवर कपॅसिटरला ४४६ व्होल्ट बसतात. ४४० व्होल्टचे जुने कपॅसिटर तसेच ठेवून नुसता रिॲक्टर जोडला तर वर्षभरात पुन्हा तीच रडकथा. ५२५ व्होल्टचे घ्या.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण इथे करायचं थोडंच आहे पण कोणी करत नाही. मॉडबसला पासवर्ड नसतो. नेटवर्कवर आलेला कोणीही रजिस्टर लिहू शकतो. म्हणून मशिनांचं नेटवर्क ऑफिसच्या आणि सीसीटीव्हीच्या नेटवर्कपासून वेगळं करा, मध्ये फायरवॉल. राउटरवर पीएलसीसाठी पोर्ट उघडून ठेवू नका. दूरवरून सेवा द्यायला व्हीपीएनचा (इंटरनेटवरून कूटबद्ध वाट देणारा) डबा बसवा आणि त्याच्या सप्लायला चावीचा स्विच लावा. आम्ही फोन केला की चावी फिरवायची, काम झालं की बंद. स्काडाच्या (सगळी मशिनं एका स्क्रीनवर दाखवणाऱ्या) कॉम्प्युटरवर दूरनियंत्रणाचं ॲप कायम चालू आणि पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला, हे दृश्य संपलं पाहिजे. स्टक्सनेट हा पीएलसीवर हल्ला करणारा व्हायरस २०१०मध्ये उघडकीला आला, तोही पेन ड्राइव्हवरून इंटरनेट नसलेल्या ठिकाणी पोचला होता. विंडोज १०ची सर्वसाधारण मदत ऑक्टोबर २०२५मध्ये संपली. जो स्काडा कॉम्प्युटर बदलता येत नाही त्याचं इंटरनेट तोडा आणि त्याची पूर्ण डिस्क इमेज काढून ठेवा. हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत कळवावं लागतं, हे तुमच्या आयटीवाल्याला माहीत आहे का, एकदा विचारा.

माणसांबद्दल एकच. हे सगळं सांभाळायला बाहेरचा कंत्राटदार पुरणार नाही. तुमच्याकडचा आयटीआय झालेला जो वायरमन ड्रॉइंग वाचून दोष शोधतो, त्याला लॅपटॉप द्या, सॉफ्टवेअरचा अधिकृत परवाना द्या आणि महिन्यातले दोन दिवस उत्पादनातून मोकळा ठेवा. शिकल्यावर तो सोडून जाईल ही भीती खरी आहे. पगार वाढवलात तर कमी जाईल.

निमा आणि आयमा या नाशिकच्या दोन्ही उद्योजक संघटनांना मात्र वेगळी विनंती आहे. वर सांगितलेल्या पर्चेस ऑर्डरच्या अटींचं एक पानी मराठी परिशिष्ट तयार करून सभासदांना वाटा. एकट्या लहान मालकाने अट घातली की विक्रेता ‘असं कोणी मागत नाही’ म्हणतो. सगळ्यांनी एकाच भाषेत मागितलं की त्याची बोलती बंद होते. दुसरं, बंद पडलेल्या मॉडेलची जुनी पीएलसी कार्डं, ड्राइव्ह आणि एचएमआय कोणाच्या स्टोअरमध्ये पडून आहेत याची सामाईक यादी ठेवा. एका कारखान्यातलं भंगार शेजारच्या कारखान्याची तीन दिवस बंद असलेली लाइन चालू करू शकतं, फक्त ते तिथे आहे हे कळायला हवं. मसुदा लिहून द्यायला आणि यादीचा तक्ता आखायला आम्ही तयार आहोत.

आपले,
नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत पॅनेल, प्रोग्राम आणि देखभालीचं काम करणारे तंत्रज्ञ

ता. क. – हे वाचून कोणी लगेच पीएलसीची बॅटरी बदलायला निघालं असेल तर आधी बॅकअप घ्या, आणि मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर पीएलसीचा सप्लाय चालू ठेवूनच जुनी बॅटरी काढा. नव्या बॅटरीवर मार्करने तारीख लिहा.